एसएमपीएसचे पैसे आधी बाजूला काढा

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचं नेहरू प्लेस असो की बंगळुरूचा एस. पी. रोड, पीसी असेंबल करायला निघालेले बरेच जण एकच चूक करतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर पैसे संपवतात आणि शेवटी म्हणतात, "एसएमपीएस कुठलाही द्या."

मीही तेच केलं होतं. आठ महिन्यांनी एका संध्याकाळी लाइट गेली, परत आली आणि फट्‌कन आवाज झाला. एसएमपीएसबरोबर मदरबोर्डही गेला. वाचवले होते २,००० रुपये, गेले ९,०००.

म्हणून आधी काम ठरवा. टॅली, टायपिंग, ऑनलाइन वर्ग एवढंच असेल, तर वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. फक्त प्रोसेसर बघून घ्या: रायझन ५ ५६००जीमध्ये ग्राफिक्स आहे, साध्या ५६००मध्ये नाही.

गेम खेळायचे असतील, तर वॅटची बेरीज करा. ५६०० प्रोसेसरचे ६५, आरटीएक्स ३०६० कार्डाचे १७०. तरी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, कारण बाकीचे भाग आणि अचानक वाढणारा भारही धरावा लागतो. '८० प्लस'चा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, सुरक्षेची हमी देत नाही. ओव्हरव्होल्टेज, शॉर्ट सर्किट यांपासून संरक्षण आहे का, ते वेगळं तपासा.

जुनी रॅम वापरायचा विचार आहे? एएम५ बोर्डावर डीडीआर५च चालते.

बजेट कमी पडलं, तर कॅबिनेटचे रंगीत दिवे सोडा. एसएमपीएस सोडू नका. आणि पक्कं बिल घ्या, वॉरंटीला तेच लागतं.