जुन्या डब्यातला सिनेमा



तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा पाहिला असेल. पुढे पडदा, मागे यंत्राची घरघर, बसायला जमीन. आता शहरातले लोक घरातच मोठा टीव्ही, मोठा आवाज आणि सिनेमा दाखवणारा कॉम्प्युटर बसवतात. त्याला होम थिएटर म्हणतात. नवे घ्यायचे तर पुष्कळ पैसा लागतो. आम्ही पूर्णा तालुक्यातल्या आमच्या गावी ते भंगारातून उभे केले. कसे केले आणि कुठे चुकलो, ते आज सांगतो.

आमच्या साक्षरता वर्गात ४० माणसे. निम्म्याहून जास्त बाया, आणि त्यातल्या बऱ्याच रोजाने कापूस वेचायला जाणाऱ्या. प्रत्येकाने ५० रुपये काढले. २,००० रुपये जमले. टीव्ही एका घरचा मिळाला. भजनी मंडळाचा जुना ॲम्प्लिफायर होताच. राहिला कॉम्प्युटर. एका बंद पडलेल्या क्लासचे दोन जुने डबे भंगारवाल्याकडे धूळ खात होते. दोन्ही मिळून ९०० रुपयांना घेतले.

"गुरुजी, हे डबडं कायला आणलं?" एका आजीने विचारले. पैसे तिचेही होते. ती विचारणारच.

आता या डबड्यात असते काय, ते पाहू. आत एक मोठी पट्टी असते. ती मदरबोर्ड. बाकीचे सगळे भाग तिला जोडलेले. हिशेब करणारा भाग तो प्रोसेसर. रॅम म्हणजे आपली पाटी समजा. लिहायचे, पुसायचे, आणि लाइट गेली की पाटी कोरी. हार्डडिस्क म्हणजे वही. तिच्यावर लिहिलेले लाइट गेली तरी राहते. सिनेमा ठेवायचा तो या वहीत. आणि एक लोखंडी पेटी असते, पॉवर सप्लाय. घरातली वीज २३० व्होल्टची. ती घेऊन ही पेटी आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देते.

दोन्ही डबे बंद होते. एक तर हूं की चूं करीना. तालुक्याच्या बाहेर एका दुकानात नेला. दुकानदाराने झाकणही न उघडता सांगितले, "बोर्ड गेला. ४,००० लागतील." ४,००० आणायचे कुठून? आम्ही डबा परत आणला आणि स्वतःच हात घातला. घाई अशी केली, की या डब्यातली रॅम, पॉवर सप्लाय आणि हार्डडिस्क, तिन्ही एकदम त्या डब्यात बसवली. काही चालू झाले नाही. मग परत तिन्ही काढली. तीन संध्याकाळी अशा वाया गेल्या. कोणता भाग चांगला आणि कोणता वाईट, याचा आम्हालाच पत्ता राहिला नाही.

शेवटी वर्गातला एक शेतकरी म्हणाला, "गुरुजी, मोटार चालू झाली नाही तर आम्ही आधी फ्यूज बघतो, मग स्टार्टर, मग मोटार. सगळं एकदम उपसत नाही." आम्ही आयुष्यभर शाळा चालवली, पण ही गोष्ट त्याने आम्हाला शिकवली.

मग एका वेळी एकच भाग बदलायचे ठरले. बदलला की वहीत लिहायचे. पहिल्या डब्याला फक्त दुसऱ्याचा पॉवर सप्लाय लावला. पंखा फिरला! म्हणजे बोर्ड गेलेला नव्हता. पडदा मात्र काळाच, आणि आतून बीप बीप आवाज. असा आवाज पुष्कळदा रॅमचा असतो. प्लग काढला, रॅमची पट्टी बाहेर घेतली. तिच्या कडेचे पिवळे दात मळून काळे झाले होते. पोरांचे खोडरबर घेतले, ते दात हळू घासले, पुसून पट्टी परत बसवली. टीव्हीवर अक्षरे उमटली. तारीख चुकीची दाखवत होता, तेव्हा बोर्डावरचा रुपयाएवढा ३ व्होल्टचा सेलही बदलला.

आता आमची मोठी चूक सांगतो. पावसाळ्याचे दिवस. पहिल्याच रात्री एका बाईने ओल्या पायांनी येऊन डब्याला हात लावला आणि ती ओरडली, "चावायलंय की डबडं!" आम्ही तिथेच प्लग काढला आणि खेळ बंद केला. पाहतो तर काय, प्लगची जाड तिसरी पिन कुणीतरी मोडून टाकलेली. ती पिन अर्थिंगची. ती नसली की डब्याच्या पत्र्यावर थोडी वीज येते आणि हाताला झिणझिण्या येतात. आतली एखादी तार पत्र्याला लागली असती, तर नुसत्या झिणझिण्यांवर निभावले नसते. शाळेत अर्थिंगच नव्हते. वायरमन बोलावून खड्डा केला, कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग बसवले, अर्थ लीकेजचा ब्रेकरही लावला. उरलेले पैसे त्यात गेले, वर थोडे आम्ही घातले. त्याआधी कुणाला डब्याजवळ फिरकू दिले नाही. काही जण चिडले. चिडू दिले.

पुढचा खर्च नव्हता. डबा चालवायला लिनक्स घातले. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ते सुरू केले, आणि ते फुकट वापरायला कायद्याची आडकाठी नाही. सिनेमा दाखवायला व्हीएलसी. हे पॅरिसच्या विद्यार्थ्यांचे काम. रस्त्याचे काम चालू असताना नारिंगी-पांढरी टोपी ठेवतात ना, तेच त्याचे चित्र. अक्षर न वाचताही ओळखते.

पण जुन्या प्रोसेसरला फार ओझे झेपत नाही. सिनेमाची फाइल म्हणजे घट्ट घडी घातलेली गोधडी. प्रोसेसर ती क्षणाक्षणाला उलगडतो. नवे सिनेमे फार बारीक घड्यांचे. एका पोराने मोबाइलमधून असा एक आणला, तर चित्र अडखळत चालले आणि आवाज पुढे पळाला. म्हणून आम्ही जुनाच निवडला, 'संत तुकाराम'. प्रभातचा, १९३६ चा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस. आपल्या कायद्याप्रमाणे सिनेमा निघाल्याच्या सालानंतर ६० वर्षांनी त्यावरचा हक्क संपतो. तेव्हा चोरीचा माल दाखवला असेही नाही.

फाइलचे नाव इंग्रजीत होते. वर्गाने ते बदलायचे ठरवले. एका बाईने एकेक कळ शोधून 'संत तूकाराम' असे लिहिले. तू दीर्घ पडला. तिने तो आठ दिवसांनी स्वतः ओळखला आणि ऱ्हस्व केला. तोवर आम्ही गप्प होतो. आता यादीत नऊ नावे आहेत, सगळी मराठीत. पूर्वी सिनेमा लावायला नातवाला हाक मारावी लागे.

उन्हाळ्यात एकदा डबा मधेच बंद पडला. आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि पंख्यात कापसाच्या बोंडाएवढी धूळ निघाली. प्रोसेसर फार तापला की डबा जळू नये म्हणून आपोआप बंद होतो. आता दर महिन्याला प्लग काढून कोरड्या ब्रशाने धूळ झाडतो.

पहिल्या डब्याचा मेलेला पॉवर सप्लाय पोत्यात बांधून वर ठेवला आहे. प्लग काढला तरी त्याच्या आत वीज साठून राहते, म्हणून तो कुणी उघडायचा नाही. तांब्यासाठी तारा जाळायच्या नाहीत, तो धूर विषारी असतो. ई-कचरा घेणारा परवान्याचा माणूस भेटला, की तो त्याच्या हवाली करणार आहोत.