पैकीच्या पैकी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'तत्त्वज्ञानातलं काहीतरी बोल, पण झोप येणार नाही असं' अशी ताकीदही दिली आहे. जेवणानंतरची वेळ माझ्याच वाट्याला कशी आली, हे मी संयोजकांना नंतर विचारणार आहे.

विषय मी शाळेतूनच उचललाय. आपल्याकडे गणितात पैकीच्या पैकी मिळायचे. तसे मिळवणारे दोघं-तिघं आत्ता पुढच्या रांगेत बसलेत, चेहऱ्यावर अजून तोच भाव आहे. पण निबंधाला दहापैकी दहा कधी कुणाला मिळाले नाहीत. नववीत मला नऊ मिळाले तेव्हा मी वही घेऊन मराठीच्या सरांकडे गेलो. म्हटलं, "सर, एक गुण कुठे गेला?" सरांनी निबंध पुन्हा वाचला, अगदी मनापासून वाचला, आणि म्हणाले, "चूक काही नाही रे. पण निबंधाला पैकीच्या पैकी देत नसतात."

पुढे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवताना हा गुण मला वेगवेगळ्या नावांनी भेटत राहिला. चूक काही नाही, तरी काहीतरी कमी आहे. मग हे 'कमी' कशाच्या तुलनेत? जे कुणीच कधी पाहिलेलं नाही, त्याच्या तुलनेत आपण हातातली वस्तू उणी ठरवतो. ही कल्पना आपल्या डोक्यात आली कुठून?

आपल्या भूमितीच्या बाई आठवा. फळ्यावर खडूने चांगली जाडजूड रेषा ओढायच्या आणि म्हणायच्या, "रेषेला रुंदी नसते." आपल्यापैकी एकालाही हसू आलं नाही. आपण ते मान्य करून वहीत लिहून घेतलं. प्लेटोला नेमकं याचंच आश्चर्य वाटलं होतं. त्याच्या 'फीडो' या संवादात सॉक्रेटिस काठ्यांचं उदाहरण देतो. दोन काठ्या सारख्या दिसतात, पण त्या खऱ्या समानतेला पोचत नाहीत, हे आपल्याला कळतं. खरी समानता डोळ्यांनी तर कधी पाहिलेली नसते. तेव्हा ती आत्म्याला जन्माआधीच ठाऊक असली पाहिजे, आणि शिकणं म्हणजे आठवणं, असं त्याचं उत्तर. उत्तर सुंदर आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. एकदा ते मानलं की इथली प्रत्येक काठी, प्रत्येक रेघ, प्रत्येक निबंध थोडा थोडा नापास होतो. माझा तो एक गुण प्लेटोच्या खिशात आहे, अशी माझी खात्री आहे.

त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल इतका वर पाहत नाही. 'मेटाफिजिक्स'चं पाचवं पुस्तक म्हणजे जवळजवळ शब्दकोशच आहे. त्यात तो 'तेलेइऑस' या ग्रीक शब्दाचे तीन अर्थ सांगतो. ज्याचा एकही भाग बाहेर उरलेला नाही ते पूर्ण. आपल्या प्रकारात ज्याच्यापुढे जाता येत नाही तेही पूर्ण. इथे तो वैद्याचं आणि बासरीवाल्याचं उदाहरण देतो आणि त्याच दमात पूर्ण चोराचंही देतो! तिसरा अर्थ, जे आपल्या 'तेलॉस'ला, म्हणजे साध्याला पोचलं ते. शब्द तयार झालाय तोच मुळी 'तेलॉस'वरून.

वर्गात हे शिकवताना चोरापाशी मुलं हसायची. मग मी विचारायचो, आपण 'पक्का चोर' म्हणतो की नाही? आणि हा 'पक्का' आला कुठून? संस्कृत 'पक्व'वरून, म्हणजे पिकलेला, शिजलेला. त्याच्या उलट 'कच्चा'. "हा गणितात कच्चा आहे" असं माझ्या प्रगतिपुस्तकावर तीन वर्षं होतं. वडिलांनी त्याचा अर्थ 'वाया गेला' असा घेतला. पण शब्द तसं म्हणत नाही. कच्चा आंबा बिघडलेला नसतो, तो अजून आढीत असतो. आणि पिकलेल्या हापूसवर एखादा डाग असला म्हणून त्याला कुणी कच्चा म्हणत नाही. आपल्या 'पूर्ण'चंही तसंच. त्याच्या मुळाशी भरण्याचा अर्थ आहे, निष्कलंकपणाचा नाही. पौर्णिमेच्या चंद्रावरचे डाग तर सगळ्यांत स्पष्ट दिसतात. दोष नसण्यासाठी आपल्याकडे 'निर्दोष' हा वेगळा शब्द आहेच.

'परफेक्ट' हा शब्द ज्या लॅटिनमधून आला तिथेही हेच. त्याचा मूळ अर्थ शेवटापर्यंत केलेलं, आपल्या भाषेत 'पार पाडलेलं'. व्याकरणाने हा अर्थ अजून जपलाय. 'मी चूक केली आहे' हे वाक्य कोणत्या काळातलं? पूर्ण वर्तमानकाळातलं. म्हणजे चूकसुद्धा पूर्ण असू शकते, केली आणि झाली!

मग घोटाळा कधी झाला? ग्रीकांच्या लेखी पूर्ण म्हणजे ज्याला सीमा आहे ते. ६ ही त्यांची परिपूर्ण संख्या, कारण तिचे स्वतःहून लहान विभाजक १, २ आणि ३ यांची बेरीज बरोबर ६ येते, ना कमी ना जास्त. तिच्यानंतरची २८. ॲरिस्टॉटलसाठी अनंत म्हणजे अपूर्ण, कारण त्याच्या बाहेर नेहमी आणखी काहीतरी उरतंच. पुढे हाच शब्द ईश्वराला लावला गेला, आणि ईश्वर तर अनंत. तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनसला ही अडचण दिसली होती. ईश्वराची परिपूर्णता सांगताना तो पहिला आक्षेप स्वतःच मांडतो. परिपूर्ण म्हणजे पुरतं घडवलेलं, आणि ईश्वराला तर कुणी घडवलेलं नाही, मग त्याला हा शब्द कसा लावायचा? अ‍ॅक्वायनस वाट काढतो. शब्द ताणला जातो आणि त्यात मावतो. माझं मत असं की ईश्वराचं त्यात काही बिघडलं नाही. बिघडलं आपलं, कारण अनंतासाठी ताणलेली ती पट्टी नंतर आपण एकमेकांना लावू लागलो.

हे सगळं मला पाठ होतं. तरी मी काय करत होतो ते ऐका. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक उत्तराखाली मी एकच शेरा मारायचो, "आणखी चांगलं करता येईल." मला वाटायचं हे प्रोत्साहन आहे. एका वर्षी वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीने चाचणीत जवळजवळ कोरा पेपर दिला. पहिलं वाक्य सात वेळा लिहून सात वेळा खोडलेलं. बोलावून विचारलं तर म्हणाली, "सर, सुरुवातच चांगली जमत नव्हती." मी तिचे आधीचे तीन पेपर काढून पाहिले. तिन्ही उत्तरं नेटकी होती, विचारलेलं सगळं त्यात होतं. आणि तिन्हींखाली माझा तोच शेरा. काय चांगलं करता येईल हे एकाही ठिकाणी लिहिलेलं नव्हतं. लिहिणार काय? मलाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी तिने विषय बदलला. "मुलं टिकत नाहीत हल्ली" असं मी स्टाफरूममध्ये म्हणालोही. ते तीन पेपर मात्र बरीच वर्षं माझ्या कपाटात होते.

निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत मी तपासण्याची रीत बदलली. हे उत्तर कशासाठी लिहिलंय आणि ते तिथे पोचलंय का, एवढंच बघायचं. नसेल पोचलं तर कुठे अडलं ते समासात लिहायचं. ते लिहिता येत नसेल तर गुण कापायचा नाही. पहिल्यांदा एका मुलाला दहापैकी दहा दिले तेव्हा विभागातले एक ज्येष्ठ सहकारी गुणपत्रक घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "तत्त्वज्ञानात पैकीच्या पैकी?" मी त्यांच्यापुढे पेपर ठेवला आणि म्हटलं, "काय कमी आहे ते दाखवा, मी लगेच नऊ करतो." त्यांनी उत्तर दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तसं कमी काही नाही हो. पण आपण देत नाही ना."

सर, तुम्ही हसताय. मला वाटलंच होतं. वही मी आणली आहे, चहाच्या वेळी दाखवतो.