गरीला कोणता मासा, कोणत्या दिवसांत?

कोकणात गळाला ‘गरी’ आणि गळ टाकून मासे धरण्याला ‘गरवणं’ म्हणतात. हौसेनं गरवणाऱ्याच्या पिशवीत गरी-दोरीइतकंच तिथी दाखवणारं कॅलेंडर महत्त्वाचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला जबर ओढ. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी मंद.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला. खडकावर जाऊच नका, एक लाट पुरते. नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळू लागतो आणि खाडीच्या तोंडाशी जिताडा शोधावा. हा माझा सर्वांत लाडका मासा! जिवंत कोळंबी शेपटाकडून गरीत ओवायची, म्हणजे ती पाण्यात फडफडत राहते. जिताडा तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो, मग उसळी मारून डोकं झटकतो. त्याच्या कल्ल्याचं झाकण पात्यासारखं धारदार असतं. दोरी घासली की तुटलीच. म्हणून गरीजवळचा हातभर तुकडा जाड लावावा.

थंडीत होडीनं बाहेर गेलात तर सुरमई. तिच्या दातांपुढे नायलॉन टिकत नाही, तारच हवी. उन्हाळ्यात खडकाच्या कपारीत तांबोशी आणि हेकरू.

आणखी एक. जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा ही बहुधा अंडी देणारी आईच. तिला ओल्या हातांनी धरा, गरी अलगद काढा आणि पाण्यात सोडा. शेपटीचा एक फटकारा, की ती गढूळ पाण्यात दिसेनाशी होते.