गेट उघडलं, पाण्याचं काय?



मी गोदीतला माणूस. शिक्षण दहावी. कविता करतो, पण पोट हमालीवर. कंटेनर उघडायचा, आत शिरायचं, खोकी खांद्यावर घेऊन बाहेर यायचं. शिक्का चीनचा. दिव्यांच्या माळा, पंख्यांचे सुटे भाग, पोरांची खेळणी. मजूर स्वस्त म्हणून जगाचे कारखाने तिकडं गेले. आपल्या वाट्याला उतरवणं आलं.

आता वारं फिरलंय. २०२० साली कोरोनात माल अडकला, तेव्हा मालकलोकांना कळलं की एकट्या चीनच्या भरवशावर धंदा चालत नाही. त्याच वर्षी सरकारनं खेळण्यांवरची आयात जकात २० टक्क्यांवरून ६० वर नेली, २०२३ मध्ये ७० वर. इथं माल बनवणाऱ्याला उत्पादनाच्या हिशेबानं पैसे द्यायची योजना आणली. तुमच्या जिल्ह्यात शेंद्र्यापाठोपाठ सप्टेंबर २०२४ मध्ये बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीचं उद्घाटन झालं.

इथं माल बनायला लागला की गोदीत माझी हजेरी कमी होणार. होऊ द्या. इथल्या पोराला काम लागत असेल तर मी खाडा सोसीन. पण काम लागतंय कुणाला, आणि कसलं?

देशी माल म्हणून लगेच नाचू नका. मुंबईच्या गिरण्याही देशीच होत्या. पण विणकाम खात्यात, जिथं पगार जास्त, तिथं आपला माणूस घेत नसत. धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे, आणि आपल्या तोंडाचा विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल टाकला होता.

आणि हा समोरचा किल्ला. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर इथं आले. दरवाज्याजवळच्या टाक्यावर प्रवासाची धूळ धुतली, तर टाकं बाटलं म्हणून शिव्या खाव्या लागल्या. शेवटी आत सोडलं, पण सोबत हत्यारबंद शिपाई दिला. किल्ला बघा, पाण्याला हात लावायचा नाही.

दोस्तांनो, कारखान्याचं गेट आज आपल्याला असंच उघडतं. गोदीत जायच्या आधी मी एका कारखान्यात होतो. कायम कामगाराच्या शेजारी, त्याच मशीनवर. मस्टर मात्र कंत्राटदाराचं, पगार निम्मा. सात महिने भरले की ब्रेक. मग नवा गेटपास, जणू मी कालच जन्मलो. आत या, कायम व्हायचं नाव काढू नका.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ३०० पेक्षा कमी कामगारांचा कारखाना बंद करायला आता सरकारची परवानगी नको. आधीच्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा १०० होती. स्वस्त मजुरासाठी चीनला गेलेला मालक इकडं कशासाठी येतोय, ते यातून समजून घ्या. उद्या आणखी स्वस्त मजूर दिसला की तो तिकडं जाईल. आपण इथंच.

वसाहत सरकारनं उभी केली. पाणी जायकवाडीचं. सवलत लोकांच्या पैशातली. आणि खाजगी गेटवर आरक्षण नाही!

म्हणून मागणी एकच. सवलत घेणाऱ्या प्रत्येक कारखान्यानं मस्टर उघडं करावं. कायम किती, कंत्राटी किती? आपल्या वस्तीतली पोरं मशीनवर किती, झाडूवर किती? हा कागद मी लिहून आणलाय. सही करा. ज्याला लिहिता येत नाही त्याचं नाव मी लिहितो. सकाळच्या पाळीला गेटवर जाऊ.

जयभीम.