दिवा तोच, अंतर वेगळं

(संघाच्या माण येथील मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयपत्रिकेत आज "मालाचे फोटो" असं लिहिलंय. मी बोलणार आहे उजेडावर. कारण मोबाइल कितीही महागाचा असू दे, त्याच्या भिंगात जेवढा उजेड शिरतो तेवढंच चित्र उमटतं.

माणमध्ये आता एका अंगाला हिंजवडीच्या कंपन्या आहेत आणि दुसऱ्या अंगाला सोसायट्यांचे टॉवर. त्या टॉवरमधली गिऱ्हाइकं आपल्या दारात येत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघतात आणि तिथंच घ्यायचं की नाही ते ठरवतात. आपला इंद्रायणी, आपला आंबेमोहोर ओंजळीत घेतला की वासच सगळं सांगतो. फोटोला वास नसतो, तिथं फक्त रंग बोलतो. पिवळ्या बल्बखाली पांढराशुभ्र तांदूळ जुनाट दिसतो, लाल तिखट काळपट दिसतं, आणि समोरची बाई विचारते, "ताजं आहे ना हो?" माल चोख असूनही आपल्याला खुलासे करत बसावं लागतं.

म्हणूनच काही गटांनी विचारलंय, की गटाच्या पैशातून तो गोल लाइट, रिंग लाइट, घ्यायचा का. तो निर्णय तुमचा आहे. पैसा तुमच्या बचतीचा आहे. पण हात वर करण्याआधी उजेडाचा एक नियम समजून घ्या. तो कळला की कुठं खर्च करायचा आणि कुठं नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

नियम समजायला पोळपाट डोळ्यापुढं आणा. कणकेचा एक गोळा आहे. लाटून वीतभर रुंदीची पोळी केली. आता त्याच गोळ्याची दोन वीत रुंदीची पोळी करायची. रुंदी दुप्पट झाली, पण पोळीनं जागा किती व्यापली? दुप्पट नाही, चौपट. कारण ती आडवीही वाढली आणि उभीही वाढली. कणीक तर तेवढीच, मग जाडी पाव राहिली. रुंदी तिप्पट केली तर जागा नऊपट, आणि जाडी नववा हिस्सा.

उजेडाचं तसंच असतं. बल्बमधून निघालेला उजेड जसा पुढं जातो तसा आडवा-उभा पसरत जातो. दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की तेवढाच उजेड चौपट जागेवर वाटला जातो. म्हणजे एका जागी येतो पाव. अंतर तिप्पट, तर नववा भाग. योहान्नेस केप्लर नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं १६०४ साली आपल्या ग्रंथात हे मांडलं. आजही फोटो स्टुडिओतले दिवे याच हिशेबानं मागंपुढं करतात.

आपल्या जुन्या आण्यांत सांगते. दिव्यापासून एका फुटावर उजेड सोळा आणे धरा. दोन फुटांवर चार आणे. चार फुटांवर फक्त एक आणा! तीन फूट मागं सरकलो आणि पंधरा आणे गेले. दिवा तोच, वीज तेवढीच.

इथं एक घोटाळा होतो, तो आधीच सोडवू. हे अंतर दिवा आणि माल यांच्यातलं आहे. मोबाइल आणि माल यांच्यातलं नव्हे. दिवा आणि ताट जागेवर ठेवून तुम्ही मोबाइल घेऊन दोन पावलं मागं गेलात, तर ताट फोटोत लहान दिसेल, पण काळवंडणार नाही. फक्त मोबाइलचा फ्लॅश वापरताना गोष्ट वेगळी, कारण तिथं दिवा मोबाइललाच चिकटलेला असतो. तुम्ही मागं गेलात की दिवाही मागं गेला.

आता पहिला उपयोग. आपल्या घरी बल्ब असतो वर आढ्याला, आणि ताट असतं खाली जमिनीवर. मध्ये आठ फूट. तोच बल्ब होल्डरच्या वायरीनं खाली घेऊन ताटापासून दोन फुटांवर आणला, तर अंतर चौथा हिस्सा झालं आणि उजेड सोळापट झाला. वायर चांगली असू द्या, उघडी नको, आणि बल्ब तापतो तेव्हा कपड्यापासून लांब ठेवा. उजेड कमी पडला की मोबाइल आतल्या आत चित्र ताणून उजळ करतो. फोटोत जे बारीक ठिपके दिसतात, रवाळ दिसतं, ते त्यातूनच येतं. उजेड जवळ आणला की फोटो आपोआप स्वच्छ होतो.

दुसरा उपयोग आपल्या गटाच्या फोटोचा, आणि मला वाटतं तो मालाच्या फोटोपेक्षाही मोठा आहे. संध्याकाळच्या बैठकांचे फोटो नीट बघा. पुढच्या रांगेतल्या बायकांचे चेहरे पांढरे फटक, आणि मागच्या रांगेत नुसत्या सावल्या. का? दिवा पुढच्या रांगेपासून चार फुटांवर आहे आणि मागची रांग आठ फुटांवर. पुढं सोळा आणे, मागं चार आणे. मोबाइल दोघींना एकदम सांभाळू शकत नाही.

यावर उपाय उलटा आहे. दिवा लांब न्यायचा! तोच हॅलोजन पुढच्या रांगेपासून बारा फुटांवर नेला, तर मागची रांग पडते सोळा फुटांवर. आता पुढच्या रांगेला सोळा आणे धरले तर मागच्या रांगेला नऊ आणे मिळतात. एकूण उजेड कमी झाला हे खरं, म्हणून दिवा दणकट पाहिजे आणि फोटो काढताना सगळ्यांनी हलायचं नाही. पण वाटणी सारखी होते. जवळचा दिवा जवळच्यालाच देतो. लांबचा दिवा सगळ्यांना थोडं थोडं, पण सारखं देतो.

आणि मागच्या रांगेत कोण असतं ते बघा. ज्या उशिरा येतात त्या. सोसायटीत धुणीभांडी करून, कंपनीत हाऊसकीपिंगची पाळी संपवून, रोजावरून थेट बैठकीला येणाऱ्या. इतिवृत्तात सह्या दहा असतात आणि फोटोत ओळखू येतात सहा. तोच फोटो वार्षिक अहवालात जातो, बँकेच्या फाइलला लागतो. वर्षभर न चुकता हप्ता भरणाऱ्या बाईचा चेहरा त्यात काळा ठिपका म्हणून जाऊ नये.

आत्ता मागून मावशींनी विचारलं, "मग उन्हात मागची-पुढची सारखीच कशी दिसते गं?" फार चांगला प्रश्न आहे. सूर्य आपल्यापासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटर लांब आहे. त्या अंतरापुढं तुमच्या दोन रांगांमधलं चार फूट म्हणजे काहीच नाही. म्हणून अंगणात सगळ्यांना सारखा उजेड मिळतो. दिवसा बैठक असेल तर फोटो बाहेरच काढा. फक्त भर उन्हात नको, डोळे बारीक होतात आणि नाकाखाली काळी सावली पडते. झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत उभ्या राहा.

मालासाठी सगळ्यात चांगला दिवा म्हणजे खिडकी. थेट ऊन येत नसेल अशी. खिडकी रुंद असते, त्यामुळं अगदी जवळ आपला पाव हिश्शाचा हिशेब तंतोतंत लागत नाही, उजेड जरा हळू उतरतो. पण खोलीच्या आतल्या भिंतीपर्यंत गेलात की तो चांगलाच कमी झालेला असतो. म्हणून ताट खिडकीपासून दोन-अडीच फुटांवर ठेवा. घरातला पिवळा बल्ब बंद करा, नाहीतर एक बाजू निळसर आणि एक पिवळी दिसते. खिडकी ताटाच्या बाजूला येऊ द्या. मग चकलीचे काटे, पापडावरचे जिरे, गोधडीचे टाके उठून दिसतात. आणि खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरं काहीतरी उभं करा. धुतलेला पंचा, थर्माकोल, पांढरा कागद, काहीही चालेल. खिडकीचा उजेड त्यावर आपटून परत येतो आणि अंधारी बाजू उजळते. तो पंचाही ताटाच्या जवळच हवा.

ही युक्ती जुनी आहे. दादासाहेब फाळके यांचा "राजा हरिश्चंद्र" १९१३ साली आला. त्याचं चित्रण सूर्यप्रकाशात झालं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळायच्या आणि उजेड परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहायच्या, असं सांगतात. त्या सिनेमात तारामतीचं काम पुरुषानं केलं होतं. पडद्यावर बाई नव्हती, पण उजेड धरायला बाईच होती!

एक मात्र सांभाळा. फोटो काढून झाल्यावर मोबाइलमध्ये रंग वाढवू नका. तिखट आहे त्यापेक्षा लाल दाखवलं, तर पहिली ऑर्डर येईल, दुसरी येणार नाही.

शिवणकाम करणाऱ्या ताईंनाही सांगते. रात्री मशीन सहा फुटांवरच्या बल्बवर चालवत असाल, तर तोच बल्ब दोन फुटांवर घ्या. उजेड नऊपट होईल, वीजबिल वाढणार नाही आणि डोळे वाचतील.

आता राहिला रिंग लाइट. ज्या गटांचं काम दिवसभर चालतं आणि फोटोला रात्रच उरते, त्यांना दिवा लागेलच. त्यांनी घेतला तरी तो मालापासून दीड-दोन फुटांत ठेवावा, आणि लोणच्याच्या बरणीवर त्याचं गोल कडं चमकतं, म्हणून बाजूला तिरका धरावा. बाकीच्यांनी घाई करू नये. पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गटानं एकाच ताटाचे तीन फोटो काढायचे. पहिला आतल्या भिंतीशी, आढ्याच्या बल्बखाली. दुसरा खिडकीपासून दोन फुटांवर. तिसरा तिथंच, समोर पांढरा पंचा धरून. तिन्ही शेजारी ठेवून बघू, आणि मग ठराव मांडू. पैसे खर्च करायचे तर डोळ्यांनी बघून करायचे.

चहा झाला की आजच्या बैठकीचा फोटो आहे. बाहेर, भिंतीच्या सावलीत. ज्या कामावरून उशिरा आल्यात त्यांनी पुढं बसायचं.