गव्हाच्या रुपयांतली पुस्तकं

२६ ऑगस्ट हा ग्रंथपालांच्या सहकाराचा एक वाढदिवस. १९७१ साली याच दिवशी ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सामायिक ऑनलाइन सूचीत नोंदी सुरू केल्या. एकाने पुस्तकाची नोंद करायची, बाकीच्यांनी ती वापरायची. त्यातूनच आजचं वर्ल्डकॅट उभं राहिलं.

त्यात मराठी पुस्तकंही आहेत. घरातल्या थोरांना पीएल-४८०चा गहू आठवत असेल. त्याची किंमत भारताने रुपयांत चुकवली. त्यातल्याच काही रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने १९६२पासून भारतीय भाषांतली पुस्तकं घेतली आणि अमेरिकी विद्यापीठांना पाठवली. मराठीही त्यांत होती.

ती पुस्तकं कपाटात आहेत, मागणारं कुणीतरी हवं. आपल्या गावच्या लायब्ररीत जा, ‘इंटरलायब्ररी लोन’ मिळेल का विचारा. पुस्तकाचं नाव रोमन लिपीत शोधा, कारण बऱ्याच नोंदी तशाच आहेत. अडलात तर ग्रंथपालांना विचारा. ते आनंदाने मदत करतात.

सल्लागाराच्या धंद्यात एक गोष्ट रोज दिसते: ज्याला मागणी नाही, त्याची जागा आधी जाते. तेव्हा या शनिवारी मुलांना सोबत न्या आणि मागणीचा अर्ज त्यांनाच भरू द्या.