नवी हार्ड डिस्क, जुना परवाना

लॅपटॉपची हार्ड डिस्क निकामी झाली म्हणजे पहिली हळहळ होते ती तिच्यावरील छायाचित्रांची आणि कागदपत्रांची. विंडोजचा विचार मनात येतो तो मागाहून, दुरुस्तीच्या दुकानात. नवी डिस्क बसवून झाल्यावर दुकानदार सहज बोलून जातो की, आता विंडोजही नव्याने विकत घ्यावी लागेल. पुष्कळ माणसे मुकाट्याने पैसे मोजतात. ज्यांना ते जड वाटतात ती चोरीची प्रत घालून घेतात. ज्या लॅपटॉपबरोबर विंडोज कारखान्यातूनच आली होती, त्याच्या मालकास बहुधा या दोहोंपैकी कशाचीच गरज नसते.

गैरसमजाचे मूळ उघड आहे. विंडोज डिस्कवर होती, डिस्क गेली, तेव्हा विंडोज वापरण्याचा हक्कही गेला, असे सामान्य माणसास वाटते. परंतु घरातील सामानसुमान जळाले म्हणून घराचा उतारा रद्द होत नाही. तो निराळ्या दप्तरात असतो. येथेही तसेच आहे. प्रश्न एवढाच की, ते दप्तर कोठे आहे?

२००१ साली विंडोज एक्सपी बाजारात आली आणि तिच्याबरोबर ॲक्टिव्हेशन, म्हणजे परवाना जागा करण्याचा सोपस्कार, घरोघर पोहोचला. पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की टंकित करावयाची आणि तीस दिवसांच्या आत मायक्रोसॉफ्टकडे तिची नोंद करावयाची, असा तो नियम होता. इंटरनेट नसेल त्याने दूरध्वनीवरून एक लांबलचक अंकमाला वाचून दाखवावी आणि उत्तरादाखल मिळालेले ४२ अंक बिनचूक उतरवून घ्यावेत! या नोंदीत संगणकाच्या दहा अवयवांची खूण घेतली जाई. हार्ड डिस्क ही त्यांतील एक. एखादा अवयव बदलला तरी ओळख टिकत असे. पुष्कळ बदलले म्हणजे संगणक परका ठरे.

मोठ्या कंपन्यांच्या तयार लॅपटॉपांची तऱ्हा मात्र निराळी होती. त्यांच्या मदरबोर्डवरील बायोसमध्येच कारखान्याची खूण उमटवलेली असे. पुढे २०१२ साली विंडोज ८ आली, तेव्हापासून केवळ खूणच नव्हे, तर त्या एकट्या लॅपटॉपची स्वतंत्र प्रॉडक्ट कीच मदरबोर्डवरील स्मृतीत लिहिली जाऊ लागली. पोटाला चिकटवलेला आणि दोन वर्षांत पुसून जाणारा तो कागदी चौकोन तेव्हापासून गेला. कोणी त्यासाठी अश्रू ढाळले नसतील. २०१५ साली विंडोज १० आली आणि त्या यंत्राची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही नोंदली जाऊ लागली.

म्हणून आज डिस्क बदलणाऱ्याने करावयाचे ते थोडकेच असते. दुसऱ्या संगणकावरून मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरील साधनाने किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवून घ्यावी, आणि तीवरून ती नव्या डिस्कवर चढवावी. मध्येच प्रॉडक्ट की मागितली गेली, तर ती आपल्याजवळ नाही असा पर्याय तेथेच दिलेला असतो. तो निःशंकपणे निवडावा. इंटरनेट जोडताच परवाना बहुधा आपोआप जागा होतो. विंडोज ७ वरून विनामूल्य विंडोज १० वर आलेल्या लॅपटॉपलाही हे लागू आहे, कारण त्याची नोंद सर्व्हरवर आहे. ज्याने ती बढती कधी घेतलीच नाही, त्याच्या जुन्या कागदी चौकोनावरील की मात्र सप्टेंबर २०२३ पासून नव्या विंडोजला चालत नाही.

गाडी अडते ती बहुधा आवृत्तीपाशी. परवाना होमचा असेल आणि दुकानदाराने उदार होऊन प्रो घातली असेल, तर पडद्याच्या कोपऱ्यात ॲक्टिव्हेशनची फिकट सूचना तशीच राहते. अशा वेळी होम पुन्हा घालणे हाच सरळ उपाय. मदरबोर्ड बदलला असेल तर गोष्ट वेगळी. तेथे दप्तरच बदलले. स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना तेव्हा नव्या बोर्डावर नेता येतो, आणि तो आधीच मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडलेला असेल तर हे काम हलके होते. कारखान्यातून आलेला परवाना मात्र त्या यंत्रापुरताच असतो.

मदरबोर्डच्या या निष्ठेची दुसरी बाजू अधिक कठोर आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत डिस्कवरील मजकूर कुलूपबंद असतो. २०२४ च्या विंडोज ११ पासून तर ही व्यवस्था नव्याने घातलेल्या विंडोजवर मालकास फारसे न विचारता सुरू होते. त्या कुलपाची किल्ली सांभाळते तीही मदरबोर्डवरील सुरक्षा-चिप. जुनी डिस्क पुरती मेलेली नाही, केवळ मंदावली आहे म्हणून ती काढून दुसऱ्या संगणकास जोडली, तर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ही की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. पण ते खाते दुकानदाराने विक्रीच्या दिवशी घाईघाईने उघडून दिले असेल आणि त्याचा पासवर्ड कोणाच्याच लक्षात नसेल, तर छायाचित्रे डोळ्यांसमोरच्या डिस्कवर असूनही हाती येत नाहीत. विंडोजचा परवाना तेवढ्यात नव्या डिस्कवर बिनबोभाट जागा झालेला असतो. स्क्रू काढण्यापूर्वी कागदावर उतरवून ठेवावयाचे ते हे ४८ अंक. प्रॉडक्ट कीची पंचवीस अक्षरे शोधण्यात घालवलेली संध्याकाळ अशा लॅपटॉपच्या बाबतीत व्यर्थच जाते.